मे महिन्यातला हिशेब: मखमलाबादच्या बागेतल्या शेडवरची सौर वीज

पार्श्वभूमी

या प्रकरणातले गृहस्थ नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. हात कामाला सरावलेले, रिकामं बसवत नाही. त्यांचं नाव इथे देत नाही, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो, तेच इथेही चालेल. मी सौर पॅनल बसवण्याच्या कामात आहे, पण या प्रकरणात माझा शिरकाव झाला तो सगळं बिघडल्यावर. त्याआधीची हकीकत नानांच्या वहीतली आहे. वही मात्र चोख होती. तारीख, व्होल्टेज, आभाळ कसं, सगळं लिहिलेलं. ती नसती तर हे प्रकरण लिहिताच आलं नसतं.

नाशिकजवळच्या मखमलाबाद शिवारात नानांचा आठ गुंठ्यांचा तुकडा आहे. राहतं घर तिथून दोनशे मीटर. तुकड्यावर पेरू, लिंबू, शेवगा, कढीपत्ता, शिवाय रोपांच्या दोन-अडीचशे पिशव्या. एका कडेला बारा बाय दहाची पत्र्याची शेड. तिच्यात लाकूडकामाचं टेबल, अवजारं आणि दुपारी पडायला एक खाट. वीज नाही. शेजारच्या द्राक्षबागेतून वायर ओढायची एकाने सुचवली होती. पण ती शेतीपंपाची जोडणी. आठ तासांचा थ्री फेज पुरवठा, तोही कधी दिवसा कधी रात्री, आणि दुसऱ्याच्या मीटरवरून वीज घेणं नियमात बसत नाही ते वेगळंच. स्वतःच्या घरून केबल न्यावी तर मध्ये दुसऱ्याचा बांध आणि शिवरस्ता. नवीन जोडणीसाठी खांब लागणार होते आणि त्याचा तोंडी आलेला अंदाज नानांना जड वाटला.

मग राहिला सूर्य. अनुदान मिळेल अशी नानांची समजूत होती, ती लवकर दूर झाली. घरांच्या छतासाठीचं अनुदान ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडलेल्या संचाला मिळतं, आणि इथे तर ग्रिडच नव्हती. सौर कृषी पंपाच्या योजनेत तीन एचपीपासून पुढचे पंप. आठ गुंठ्यांतल्या रोपांना तीन एचपीचा पंप म्हणजे चहाला हंडा. तेव्हा जे करायचं ते पदरच्या पैशाने आणि स्वतःच्या हाताने, असं ठरलं.

पहिली मांडणी

मे २०२३. नानांनी इंग्रजी-हिंदी व्हिडिओ पाहून यादी केली. ३३५ वॅटचे दोन पॅनल, १५० एएचची (अँपिअर-तासांची) एक ट्यूब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड, बॅटरी, पॅनलची वीज बॅटरीत नीट भरणारा ३० अँपिअरचा साधा पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलर आणि १२ व्होल्टचा इन्व्हर्टर. पॅनल सतरा हजार, बॅटरी साडेपंधरा, इन्व्हर्टर सहा, कंट्रोलर तेराशे, अँगल-वायर-किरकोळ धरून पंचेचाळीस-शेहेचाळीस हजारांत काम झालं. शेडचा पत्रा एकपाखी आणि त्याचा उतार उत्तरेला. म्हणून नानांनी अँगलची चौकट वेल्डिंग करून पॅनल दक्षिणेकडे वीस अंशांत कलते केले. नाशिक साधारण २० अक्षांशावर, म्हणून कोनही तेवढाच. चौकट इतकी पक्की की पुढे मला तिच्यात एक बोल्टसुद्धा बदलावा लागला नाही.

वहीत पहिल्या पानावर हिशेब आहे: ६७० वॅट गुणिले पाच तास, म्हणजे रोज ३,३५० वॅट-तास, सव्वातीन युनिट. खर्च किती? दिवे, पंखा, चार्जिंग, चोरीच्या भीतीने बसवलेला सिमकार्डवाला कॅमेरा, अर्धा एचपीचा पंप चाळीस मिनिटं, कधी ड्रिल. नानांनी तो बाराशेच्या आसपास धरला. म्हणजे मिळकत खर्चाच्या जवळपास पावणेतीनपट. खाली लाल शाईने अधोरेखित केलंय: 'भरपूर'.

मे महिना झकास गेला. पंखा दिवसभर, पंप रोज. घरच्या काकूही दुपारी शेडमध्ये पापड वाळवता वाळवता रेडिओ ऐकत बसत.

अडचण

जून उलटला, पावसाने जोर धरला आणि इन्व्हर्टर रात्री अकराच्या सुमाराला बीप करू लागला. जुलैत तो आठलाच बीप करायचा. वहीत १७ जुलैला नोंद आहे: 'सकाळी १०.९'. बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी १०.९ ला येणं म्हणजे ती पार रिकामी. अशा नोंदी ऑगस्टपर्यंत अठरा. नानांना वाटलं, पावसाळाच आहे, ऊन पडलं की होईल ठीक.

ऑक्टोबरात ऊन पडलं. ठीक झालं नाही. उलट पंप सुरू करायला गेलं की इन्व्हर्टर ट्रिप व्हायला लागला. नोव्हेंबरात एका सकाळी शेडमध्ये जळका वास आला. पाहिलं तर बॅटरीहून इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या वायरचं वेष्टण टर्मिनलपाशी वितळलेलं. नानांनी बॅटरी सोडवून ठेवली, दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "बॅटरीच कमी पडते, अजून एक घ्या."

नाना दुसरी बॅटरी घ्यायला निघालेच होते. वाटेत एका ओळखीच्या माणसाने माझा नंबर दिला. ही मी या प्रकरणातली नशिबाची गोष्ट मानतो. जुन्या, खराब झालेल्या बॅटरीला नवी बॅटरी समांतर जोडली असती तर जुनीने नवीलाही ओढत खाली नेलं असतं आणि पंधरा हजार वर्षभरात मातीत गेले असते.

तपासणी

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. नाना म्हणाले, "तुला काय पाहायचं ते पाहा, पण पॅनल चांगले आहेत हं, मी दर रविवारी पुसतो." पॅनल चांगलेच होते. पण काचेवर निळसर पांढरा थर होता. शेजारची द्राक्षबाग. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फवारण्यांचा धडाका असतो, आणि ट्रॅक्टरच्या ब्लोअरने मारलेल्या बोर्डोला, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाला, बांध कळत नाही. नाना कोरड्या फडक्याने पुसत होते, त्याने तो थर फक्त पसरत होता. हा दोष लहान होता. खरे दोष चार निघाले, आणि मोठा होता तो वहीच्या पहिल्याच पानावर.

बाजारात स्वस्त मिळणारे मोठे पॅनल ७२ सेलचे असतात. ते भर उन्हात साधारण ३८ व्होल्टला ८.८ अँपिअर देतात, तेव्हा त्याचे ३३५ वॅट होतात. पीडब्ल्यूएम कंट्रोलर हा एक जलद उघडझाप करणारा स्विच आहे. तो पॅनलला थेट बॅटरीला जोडतो. मग पॅनलचा व्होल्टेज बॅटरीएवढा, तेरावर, ओढला जातो आणि करंट मात्र ८.८ च राहतो. दोन पॅनलचे मिळून १७.६ अँपिअर गुणिले १३, म्हणजे सुमारे २३० वॅट. विकत घेतले ६७०, हाती आले २३०. बाकीचे ४४० वॅट पॅनलवर गरम होण्यात गेले. मी क्लॅम्प मीटर लावून नानांना आकडा दाखवला. ते बराच वेळ मीटरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे एक पॅनल मी नुसता शोभेला लावला?" खरं तर एकाहून जास्तच.

दुसरा दोष सावलीचा. शेडच्या दक्षिणेला अठरा फुटांवर शेजाऱ्याच्या बांधावर जांभूळ आहे, तीस फूट उंच. नानांनी जागा ठरवली ती मे महिन्याच्या विसाव्या तारखेच्या आसपास. त्या दिवसांत नाशिकला सूर्य दुपारी अगदी डोक्यावर असतो. जांभळाची सावली जांभळाखालीच. डिसेंबरात मात्र मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेशेहेचाळीस अंश चढतो आणि सावली जवळपास वस्तूच्या उंचीएवढी लांब पडते. पत्र्याची उंची नऊ फूट वजा केली तर झाडाचे एकवीस फूट उरतात, त्यांची सावली वीस फूट. अकरा वाजता मीटरवर पंधरा अँपिअर होते. नाशिकचा खरा मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या पुढेमागे येतो, तेव्हा जांभळाचा शेंडा दोन्ही पॅनलच्या खालच्या ओळीवर टेकला आणि आकडा तीनवर आला. एकाच ओळीवर सावली, मग एवढी घट का? पॅनल उभे लावले होते. पॅनलमधले सेल लांबीने तीन भागांत जोडलेले असतात, त्यामुळे उभ्या पॅनलची खालची ओळ झाकली की तिन्ही भाग एकदम अडतात. आडवा लावला असता तर एक भाग गेला असता, दोन चालू राहिले असते.

तिसरा दोष वायरचा. अर्धा एचपीचा पंप चालताना सहाशे वॅट घेतो. बारा व्होल्टवर त्यासाठी बॅटरीतून साठ अँपिअर निघतात, आणि सुरू होण्याच्या क्षणी याच्या तीन-चारपट. नानांनी वायर घातली होती सहा स्क्वेअर एमएमची, जवळपास तीन मीटर लांब, आणि टोकांना लग (दाबून बसवायची धातूची टोपी) नाही, तारा पिळून नटाखाली दाबलेल्या. पंप चालू केला तेव्हा बॅटरीच्या टर्मिनलवर ११.४ व्होल्ट होते आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर ९.६. १.८ व्होल्ट वायरने आणि सैल सांध्याने खाल्ले. इन्व्हर्टरला वाटलं बॅटरी संपली, म्हणून तो ट्रिप व्हायचा. वेष्टण वितळलं तेही याच सांध्यावर. बॅटरीपाशी फ्यूज नव्हता. हे वाक्य मी सहज लिहितो आहे, पण पत्र्याच्या शेडमध्ये, लाकडाच्या भुशाजवळ, फ्यूज नसलेली बॅटरी पाहून माझ्या पोटात गोळा आला होता.

चौथा दोष कुणालाच दिसत नाही. इन्व्हर्टर रिकामा चालू राहिला तरी स्वतःपुरती वीज खातो. या इन्व्हर्टरचं खाणं मी मोजलं, पंधरा वॅट. कॅमेरा चोवीस तास लागतो म्हणून नाना इन्व्हर्टर बंदच करत नव्हते. पंधरा गुणिले चोवीस, ३६० वॅट-तास. आठ वॅटचा कॅमेरा १९२ खातो आणि त्याला जागं ठेवणारा इन्व्हर्टर ३६०. राखणदारापेक्षा राखणदाराचा राखणदार महाग.

आता पावसाळ्याचा हिशेब परत मांडला. २३० वॅट गुणिले तीन तास, त्यातून बॅटरीत शिरताना-निघताना होणारी गळती वजा: साडेपाचशे. खर्च इन्व्हर्टरसकट पंधराशेवर. बॅटरी रोज रिकामी होणारच होती. आणि लेड-ॲसिड बॅटरी रिकाम्या अवस्थेत दिवसेंदिवस ठेवली की तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. चार्ज केल्यावरही ग्रॅव्हिटी, म्हणजे तिच्यातल्या ॲसिडची घनता, ११९० च्या वर जाईना, ती १२४० च्या आसपास हवी. सात महिन्यांत बॅटरीचा जीव निम्मा झाला होता.

पर्याय

नानांच्या ओट्यावर बसून आम्ही तीन संध्याकाळी यावर काढल्या. काकूंचं मत पहिल्याच संध्याकाळी आलं: "कंदील लावा आणि झोपा." ते आम्ही नोंदवून ठेवलं.

सगळ्यात स्वस्त पर्याय होता सध्याच्याच मांडणीत अजून दोन पॅनल टाकणं. सतरा हजारांत काम. पण त्यातलेही दोन-तृतीयांश वाया जाणार. शिवाय करंट ३५ अँपिअरवर जातो आणि कंट्रोलर तीसचा. हा पर्याय मी मोडीत काढला.

दुसरा, फक्त कंट्रोलर बदलून एमपीपीटी घ्यायचा. एमपीपीटी पॅनलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालवतो आणि जास्तीच्या व्होल्टेजचा करंट करून बॅटरीला देतो. पण बॅटरी बाराचीच ठेवली तर ६७० वॅटचे पन्नास अँपिअर होतात, त्याला मोठा, महाग कंट्रोलर लागतो. चोवीस व्होल्ट केले तर सव्वीस अँपिअर, तिथे तीसचा पुरतो. वायरीतलं नुकसानही कमी, कारण करंट निम्मा झाला की त्याच वायरीत वाया जाणारी वीज एक-चतुर्थांश होते. म्हणजे चोवीसवर जाणं शहाणपणाचं, पण मग इन्व्हर्टर आणि बॅटरी दोन्ही नवीन. इथे नाना अडले, आणि मला ते पटलं. नुकतेच शेहेचाळीस हजार घातलेला माणूस त्यातले वीस हजार टाकून द्यायला सहज तयार होत नाही. मी त्यांना एवढंच विचारलं, जॉब चुकीच्या मापाचा झाला तर कारखान्यात काय करायचात? म्हणाले, "रिजेक्ट." मग दोन मिनिटांनी स्वतःच म्हणाले, "ठीक आहे."

बॅटरी कोणती, यावर खरा वाद झाला. दोन नव्या ट्यूब्युलर घेतल्या तर तीस-एकतीस हजार, चोवीस व्होल्टची १०० एएच लिथियम आयर्न फॉस्फेट बेचाळीस हजार. ट्यूब्युलर जोडीचे कागदावर ३,६०० वॅट-तास, पण टिकवायच्या तर निम्मेच वापरायचे. लिथियमचे २,५६०, त्यातले ऐंशी टक्के बिनधास्त. म्हणजे वापरायला दोन्हीकडे १,८०० ते २,०५०. नानांचा कल ट्यूब्युलरकडे, कारण ती ओळखीची, पाणी घालता येतं, दुरुस्त करता येते. माझा लिथियमकडे, आणि कारण फक्त एकच: पावसाळ्यात बॅटरी आठवडाभर अर्धवट भरलेली राहणार, आणि लेड-ॲसिडला नेमकं तेच मानवत नाही. लिथियमला त्याने फरक पडत नाही. तिला गोठणबिंदूखाली चार्जिंग नको, पण मखमलाबादला ती वेळ येत नाही. उन्हाळ्यात पत्र्याखालची उष्णता मात्र दोघींनाही वाईट.

चौथा विचार मला सुचला नाही, नानांना सुचला. तिसऱ्या संध्याकाळी ते म्हणाले, "अरे, पंप रात्री कुठे चालवतो आपण? दिवसा ऊन असताना पाणी वर चढवून ठेवलं तर?" हजार लिटर पाणी हौदातून पंधरा फूट वर चढवायला भौतिकशास्त्राप्रमाणे तेरा वॅट-तासही लागत नाहीत. लहान पंपाची अकार्यक्षमता धरली तरी पन्नास-साठ. सध्याचा पंप मात्र रोज चारशे खात होता, कारण तो नळीने दाब देऊन शिंपायला वापरला जात होता. पाणी साठवणं वीज साठवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. मी सौर काम करतो म्हणून मला सगळी उत्तरं बॅटरीत दिसतात. टाकी मला दिसली नाही.

काय केलं

काम जानेवारी ते मार्च २०२४ असं रेंगाळत झालं. सगळं एकदम घ्यायचं नाही, एक बदल करून आठवडाभर वहीत आकडे पाहायचे, हे नानांनी ठरवलं. या शिस्तीने वेळ गेला, पण कुठल्या बदलाने काय मिळालं ते स्वच्छ कळलं.

पहिला बदल बिनखर्चाचा: पॅनल आडवे केले आणि चौकट पत्र्याच्या उत्तर टोकाला सरकवली. सहा फूट मिळाले. डिसेंबर-जानेवारीतली सावली त्याने पूर्ण टळत नाही, पण दुपारची पडझड थांबली. जांभळाच्या फांद्या छाटायला शेजारी तयार झाला, अट एकच, जुलैत फळं उतरल्यावर. अट रास्त होती.

कंट्रोलर निवडताना पैसे वाचवण्याच्या नादात एक बारकी गोष्ट निसटणार होती. दोन पॅनल सिरीजमध्ये, एकापुढे एक, जोडले की उघड्या सर्किटचा (काहीच वीज ओढली जात नसतानाचा) व्होल्टेज ४६ अधिक ४६, ९२. दुकानात १०० व्होल्ट मर्यादेचा कंट्रोलर अडीच हजारांनी स्वस्त होता. नाना म्हणाले, आठ व्होल्ट शिल्लक आहेत की. पण पॅनलचा हा आकडा २५ अंश सेल्सिअसला असतो, आणि थंडीत व्होल्टेज वाढतो, दर अंशाला साधारण ०.३ टक्के. जानेवारीच्या पहाटे पारा पाच-सहावर आला तर ९२ चे ९८ होतात. दोन व्होल्टच्या भरवशावर कोण राहणार? १५० व्होल्टवाला घेतला.

व्होल्टेज वाढल्यामुळे दुसरीही काळजी आली. पॅनलच्या बाजूला घरातला साधा एमसीबी चालत नाही. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसीत शून्यच नाही, ठिणगी ताणली जाते आणि पेटत राहते. म्हणून दोन पोलचा डीसी एमसीबी, शेजारी विजेचा अचानक झटका जमिनीत वळवणारा सर्ज प्रोटेक्टर, आणि त्यासाठी वेगळं अर्थिंग. मे महिन्यातल्या वळवाच्या विजा इथे हलक्यात घेण्यासारख्या नसतात. पॅनलच्या वायरी जोडणारे, पकडीने दाबलेले एमसी४ कनेक्टर सगळे कापून टाकले, माझ्या क्रिम्पिंग टूलने नवे बसवले. जुन्यांपैकी एक हाताने ओढताच निघून आला.

बॅटरी शेडच्या उत्तर कोपऱ्यात, जिथे अर्धी विटांची भिंत आहे, तिथे ठेवली. टर्मिनलपासून अर्ध्या फुटात १०० अँपिअरचा फ्यूज. इन्व्हर्टर तिच्या मीटरभर अंतरात, २५ स्क्वेअर एमएमची केबल, लग नीट क्रिम्प केलेले. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा घेतला, कारण ड्रिलच्या मोटारीला जुन्या इन्व्हर्टरची चौकोनी लाट मानवत नव्हती, गुरगुरायची. कॅमेऱ्याला छोटा डीसी कन्व्हर्टर लावून बॅटरीवरूनच थेट वीज दिली आणि इन्व्हर्टर रात्री झोपताना बंद करायची सवय लावून घेतली. हा कन्व्हर्टर साडेतीनशे रुपयांचा. अख्ख्या कामात रुपयाला सर्वात जास्त फळ यानेच दिलं. जुना पंखा बदलून कमी विजेवर चालणाऱ्या बीएलडीसी मोटारीचा आणला, तो पंचाहत्तरच्या जागी तीस वॅट घेतो.

पाण्यासाठी चोवीस व्होल्टचा छोटा डीसी पंप, आठ फुटी अँगलच्या स्टँडवर हजार लिटरची टाकी, आणि खाली उताराने चालणारं कमी दाबाचं ठिबक. पंप कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवर, टायमर सकाळी अकरा ते एक. उजेड असेल तेव्हाच चालतो, बॅटरी आणि पंप यांची भांडणं मिटली.

वायरी पीव्हीसी पाइपातून नेल्या. ही सूचना काकूंची. शेडमध्ये घुशी आहेत हे दोघा पुरुषांच्या लक्षात नव्हतं.

परिणाम

दुसऱ्या टप्प्याचा खर्च ८४ हजार झाला. जुनी बॅटरी भंगारात साडेचार हजारांना गेली, जुना इन्व्हर्टर घरी वापरात आहे.

एमपीपीटी लावल्याच्या पहिल्या स्वच्छ दुपारी कंट्रोलरच्या पडद्यावर ५४० वॅट दिसले. तेच पॅनल, तोच सूर्य, तीच चौकट. नानांनी फोटो काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'शोभेचा पॅनल कामाला लागला'.

खरी परीक्षा जुलै-ऑगस्ट २०२४ मध्ये होती. वहीतल्या नोंदीप्रमाणे रोजचा खर्च नऊशेच्या आसपास राहिला, मिळकत बहुतेक दिवशी बारा ते सतराशे. सलग झाकोळाचे दिवस आले तेव्हा ती पाचशेपर्यंत घसरली. एकदा बॅटरी तीस टक्क्यांवर आली. त्या आठवड्यात नानांनी ग्राइंडरला हात लावला नाही आणि पंखा बंद ठेवला, तेवढ्यावर भागलं. बीप एकदाही नाही.

पैशाचा हिशेबही मांडतो, कारण तो सहसा कुणी मांडत नाही. नऊशे वॅट-तास रोजचे म्हणजे वर्षाला सव्वातीनशे युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी तेहतीसशे रुपयांची वीज. खर्च एक लाख तीस हजार, त्यातले वीसेक हजार शिकवणीचे. वीजबिलाच्या मोजमापाने हे कधीच फिटणार नाही. जिथे ग्रिड हाताशी आहे तिथे बॅटरीवरची मांडणी करू नका, असं मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो आणि कामं गमावतो. इथे तुलना होती ती अंधाराशी आणि खांबांच्या खर्चाशी. तो खांबांचा अंदाज लेखी मागवून घ्यायला हवा होता असं मला अजूनही वाटतं. नानांना वाटत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी खर्चाची यादी वॅट-तासांत, आणि तीत इन्व्हर्टरचं स्वतःचं खाणं धरून. पॅनल त्यानंतर. मिळकत मोजायची ती जुलै-ऑगस्टच्या उजेडावर. परदेशी व्हिडिओंत हिवाळा हा सगळ्यात वाईट काळ म्हणून सांगतात आणि पॅनल जास्त उभे करायला सुचवतात. नाशिकला हिवाळ्यात आभाळ स्वच्छ असतं, चणचण असते ती पावसाळ्यात. तेव्हा सूर्य डोक्यावर आणि उजेड ढगातून पसरून येणारा, म्हणून उलट कमी कलता पॅनल बरा. धूळ वाहून जाण्यापुरता दहा अंशांचा कल तरी हवा. नानांचे वीस अंश मधले आहेत, ते आम्ही बदलले नाहीत.

सावली मात्र डिसेंबरातच पाहायची. तेवढं थांबता येत नसेल तर दक्षिणेकडच्या प्रत्येक झाडाची उंची मोजून, तेवढंच अंतर जमिनीवर आखून पाहायचं. काठी आणि दोरीचं काम आहे.

माझ्याकडून झालेली चूकही लिहितो. जोडणीच्या दिवशी मी घाईत पॅनल आधी जोडले आणि बॅटरी नंतर. एमपीपीटीला बॅटरी आधी लागते, तिच्यावरूनच तो आपण बारावर की चोवीसवर हे ओळखतो. कंट्रोलर वाचला, पण नानांनी सूचनापत्रिका माझ्यासमोर धरून ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली.

आणि पॅनल कोरडे पुसू नयेत. आता फवारणीच्या दिवसांत नाना पहाटे, काच थंड असताना, टाकीच्या पाण्याने लांब दांड्याच्या मऊ ब्रशने धुतात. शेजाऱ्याने ब्लोअर त्या कडेला आला की पंखा बंद करायचं कबूल केलंय, आणि चारातल्या तीन वेळा तो करतो.

राहिलेलं काम

टाकीचं स्टँड. आठ फुटांवर हजार लिटर, म्हणजे टनभर वजन, आणि पाय नुसते फरशीच्या तुकड्यांवर टेकलेले. २०२४ च्या पावसाळ्यात काळी माती फुगली आणि एक पाय बोटभर खचला. माझं लक्ष वायरींवर, नानांचं वेल्डिंगवर, पायाचा विचार दोघांनीही केला नाही. काँक्रीटचे चार ठोकळे त्या वर्षीच्या दिवाळीनंतर घालायचे ठरले. तोवर टायमर अकरा ते बारा केला आणि टाकी अर्धीच भरायची असं ठरवलं.